शेऱ्याचा रकाना

विमलबाईंचा नंबर तेविसावा होता आणि साडेअकरा झाले तरी आत सातवाच पेशंट होता. वरवट बकालच्या या दवाखान्यात दर सोमवारी आणि गुरुवारी खामगावहून किडनीच्या डॉक्टर येत. एका संस्थेने चालवलेला दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर पत्र्याच्या शेडखाली बाकडी, आणि बाकड्यांवर आसपासच्या पंधरा-वीस गावांतली माणसं. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध घातलं की फुटतं, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलेल्या कितीतरी माणसांच्या किडन्या चाळिशी-पन्नाशीतच दगा देतात. विमलबाईंच्या अजून ठीक होत्या. पण त्यांचे मालक, कारभारी हिवराळे, सहा वर्षांपूर्वी याच दुखण्याने गेले होते. म्हणून त्या दर सहा महिन्यांनी तपासून घेत.

आईला सोबत म्हणून आलेली महामाया उठली आणि दारातून आत डोकावली. उशीर डॉक्टरांमुळे होत नव्हता. त्या हात बांधून बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या संगणकापुढे जयमाला सिस्टर होत्या. त्यांनी पेशंटचा नंबर टाकला होता आणि पडद्यावर एक चकती नुसती गोल फिरत होती. महामायाने मनातल्या मनात सेकंद मोजले. दोनशे तीस झाले तेव्हा कुठे त्या माणसाचे जुने रिपोर्ट उघडले.

दुसरं कुणी असतं तर परत जाऊन बाकड्यावर बसलं असतं. महामायाचं मात्र हेच काम होतं. जगभरातल्या कंपन्या आपल्या नोंदी ठेवायला ओपन सोर्स डेटाबेस वापरतात, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही फुकट घेता, वाचता आणि बदलता येतो असे. ते संथ झाले, अडले, त्यांचा बॅकअप नीट होतो की नाही हे तपासायचं झालं, की सल्ल्याला माणसं लागतात. पुण्यातली एक कंपनी अशी माणसं पुरवायची, आणि महामाया गेली अकरा वर्षं तिच्यात होती. वडील गेल्यावर ती आईजवळ गावी परतली आणि समोरच्या खोलीत टेबल मांडून तिथूनच कंपनीचं काम करू लागली. गावात विचारलं तर लोक एवढंच सांगत, की कारभाऱ्याची पोरगी कंप्युटरवर काहीतरी करते.

तिने जयमाला सिस्टरना सांगितलं, की हे मी पाहून देऊ शकेन. सिस्टरनी आवाज खाली केला. हे सगळं अवचार सरांनी बनवलेलं आहे, त्या म्हणाल्या, आणि सर त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. डॉक्टरांनी एकदा बाहेरचा माणूस बोलवायचं काढलं होतं, तर सर दोन आठवडे दवाखान्यात आले नव्हते.

शंकरराव अवचार यांना महामाया चांगली ओळखत होती. त्यांनी तिला आठवी-नववीला विज्ञान शिकवलं होतं. ते निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको केसरबाई किडनीच्याच दुखण्याने गेली, आणि त्यानंतर सर सायकलला पिशवी अडकवून गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणू लागले. कुठल्या बोअरचं पाणी किती खारं आणि ते पिणाऱ्या घरात कुणाच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याचं सांगणारा आकडा, किती, हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. वहीत ते मावेना. मग साठीला टेकलेल्या या माणसाने एक जुना संगणक घेतला, एक जाड पुस्तक घेतलं, आणि दीड वर्ष खपून हा डेटाबेस उभा केला. फुकट मिळतो म्हणून पोस्टग्रेस नावाचा ओपन सोर्स डेटाबेस निवडला. अडलं की ते इंटरनेटवर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकायचे. कधी ब्राझीलचा, कधी पोलंडचा कुणी अनोळखी माणूस उत्तर द्यायचा. दवाखाना सुरू झाला तेव्हा सरांनी तो संगणक तिथे नेऊन ठेवला. आता ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचा उजवा हात थोडा थरथरायचा.

त्याच दिवशी संध्याकाळी महामाया त्यांच्या घरी गेली. दुरुस्तीचं नाव तिने काढलंच नाही. हे तुम्ही कसं बनवलं ते मला पाहायचं आहे, एवढंच ती म्हणाली. सरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी दवाखाना बंद असतो. दोघं संगणकापुढे दोन खुर्च्या ओढून बसले. सरांनी लिहिलेल्या कोडमध्ये जागोजागी मराठीत टिपा होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं: ‘ही ओळ काढू नये. काढली की सगळे बिघडते. कारण माहीत नाही.’ महामायाला हसू आलं आणि सरही हसले. मग ती हळूहळू खाली जात राहिली, आणि अर्ध्या तासात तिला दुखणं सापडलं. तपासण्यांच्या तक्त्याला सूचीच नव्हती. जाड पुस्तकाच्या शेवटी विषयांची सूची असते, ती नसली तर एक शब्द शोधायला अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं लागतं; संगणक प्रत्येक पेशंटसाठी नेमकं तेच करत होता. तिने ओळ सांगितली आणि सरांनी ती एकेक अक्षर शोधत टाइप केली. मशीन पाच-सहा मिनिटं घरघरलं. मग त्यांनी एका पेशंटचा नंबर टाकला. बोट उचलायच्या आत रिपोर्ट समोर होते.

सरांनी दुसरा नंबर टाकला. तिसरा टाकला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बारा वर्षं,” ते म्हणाले, “लोकं बाहेर बसून राह्यले. एका ओळीपायी.”

“सर, सुरुवातीले हे हळू नव्हतंच,” महामाया म्हणाली. “नोंदी वाढल्या तसं हळू झालं. तुम्ही एकही नोंद चुकवली नाही, म्हणून झालं.”

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. उठण्याआधी त्यांनी त्या नव्या ओळीच्या वर टीप लिहिली: ‘महामाया हिवराळे हिने सांगितले.’ आणि पुढे तारीख घातली.

निघताना तिने बॅकअपचं विचारलं. सरांनी कपाटातून केसरबाईंचा स्टीलचा मसाल्याचा डबा काढला. त्याच्या सात वाट्यांत सात पेन ड्राइव्ह होते, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तारीख. दर गुरुवारी एक, आळीपाळीने. एकदा यातला एखादा परत मशीनवर उतरवून, सगळं येतं का ते पाहू या, असं ती म्हणाली, तेव्हा सरांची मान ताठ झाली. एक गुरुवार सोडला नाही मी, ते म्हणाले. महामायाने त्यांच्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. आज त्यांच्या मनाला एकदा लागलं होतं, तेवढं पुरे झालं, असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यात पाहू, असं म्हणून तिने विषय सोडला. परदेशातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला ती पहिला प्रश्न हाच विचारायची, की शेवटचा बॅकअप परत उतरवून कधी पाहिला होता; आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायची नाही. सरांना दुसऱ्यांदा विचारणं मात्र तिला जमलं नाही.

पुढचा आठवडा तिच्या कामाच्या गडबडीत गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी लाइट तीनदा गेली-आली, आणि नऊच्या सुमारास सरांचा फोन आला.

“महामाया, ते सुरू होऊन नाही राह्यलं. आतून थांबून थांबून टक टक आवाज येते.”

तिने त्यांना बटण बंद करून वायर काढायला सांगितली, आणि काहीही झालं तरी पुन्हा चालू करू नका, असं दोनदा बजावलं. दहा मिनिटांत ती स्कूटीवरून दवाखान्यात पोचली. हार्ड डिस्क गेली होती, यात शंका नव्हती. सरांनी डबा आधीच टेबलावर काढून ठेवला होता. त्यातला सगळ्यात ताजा पेन ड्राइव्ह तिने आपल्या लॅपटॉपला लावला आणि बॅकअप उतरवायला घेतला. कागदी रिपोर्टांचे फोटो आले. पेशंटांची नावं आली. तपासण्या अर्ध्यापर्यंत आल्या, आणि एका ओळीच्या मधेच सगळं थांबलं. पाण्याच्या नोंदींचा तक्ता आलाच नाही.

तिने बाकीचे सहा एकामागून एक लावून पाहिले. सातही फायलींचा आकार तंतोतंत सारखा होता, चार जीबी. तिला कळायचं ते कळलं. सर रिपोर्टांचे फोटोही डेटाबेसमध्येच ठेवत, त्यामुळे तो फुगत गेला होता. आणि हे पेन ड्राइव्ह ज्या जुन्या पद्धतीने तयार केलेले होते, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. फाइल तिथे तुटायची. पडद्यावर तशी एक ओळ येतही असणार, पण ती खिडकी इतक्या झटकन बंद व्हायची की सरांना वाटायचं, काम झालं.

“सातही?” सरांनी विचारलं.

“हाव सर. सातही.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बोटांनी ते दाबून बसवलं आणि हात तसाच त्यावर ठेवला. जयमाला सिस्टर पाणी घेऊन आल्या, ते त्यांनी घेतलं नाही.

“चूक माही आहे,” महामाया म्हणाली. “त्या दिवशीच उतरवून पाह्याले पाहिजे होतं. हे मले माहीत होतं. तुम्हाले वाईट वाटन म्हणून मी सोडून देल्लं.”

सरांनी मान हलवली, पण ते मान्य केलं की नाकारलं, ते तिला कळलं नाही.

ती डिस्क टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आली. अशा मरू घातलेल्या डिस्कवरून वाचता येईल तेवढं वाचून घेणारा एक प्रोग्राम असतो, तोही फुकटचाच. आधी तो सहज वाचता येणारे भाग उचलतो आणि मग अडलेल्या भागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. घाई केली तर डिस्क कायमची जाते. महामायाने ऑफिसातून त्या दिवसाची रजा घेतली. डिस्क तापू नये म्हणून विमलबाईंनी घरातला टेबल फॅन तिच्यासमोर आणून ठेवला.

“यालेबी पंखा लागते काय व?” त्यांनी विचारलं, आणि मग, “कोण कोण आहे यात?”

“आपल्या तालुक्यातले सगळे,” महामाया म्हणाली.

विमलबाई तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन तिथेच बसल्या. शेंगा सोलता सोलता त्या मधूनच पंख्याचं तोंड सारखं करत, तापलेल्या लेकराजवळ बसावं तशा. शुक्रवार आणि शनिवार असे गेले. रविवारी दुपारी एकच्या सुमारास प्रोग्राम थांबला. जवळजवळ सगळं आलं होतं.

आता आलेलं खरंच शाबूत आहे का ते पाहायचं होतं. महामायाने डेटाबेस आपल्या मशीनवर चालू केला आणि प्रत्येक तक्त्यातल्या मधल्याच चार-दोन ओळी उघडून पाहू लागली. आपल्या कामात ती गिऱ्हाइकांच्या नोंदी वाचायची नाही. किती ओळी आहेत, किती वेगाने येतात, एवढंच पाहायची. आत कोण आहे याच्याशी तिचा संबंध नसायचा. हा नियम तिने अकरा वर्षं पाळला होता. पेशंटांच्या तक्त्यात तिने चारशे अठरावी ओळ उघडली. नाव होतं, कारभारी सुखदेव हिवराळे.

सरांनी प्रत्येक पेशंटपुढे शेऱ्याचा एक रकाना ठेवला होता. बहुतेकांचे शेरे एका ओळीचे होते. हा लांब होता. ‘मुलगी पुण्यात’ एवढे दोन शब्द तिच्या नजरेला पडले आणि तिने लॅपटॉप मिटला.

पंख्याचा आवाज येत होता. आई स्वयंपाकघरात होती.  महामायाने लॅपटॉप पिशवीत घातला आणि सरांचं घर गाठलं.

सर पुढच्या खोलीत कॉटवर बसले होते. दाढी वाढलेली होती. तिने आधी कामाचं सांगितलं. पेशंट सगळे आले, तपासण्या सगळ्या आल्या, फोटो आले. पाण्याच्या नोंदींमधल्या काही मात्र गेल्या. सत्तावीस बोअरच्या, मागच्या वर्षीच्या चार-पाच महिन्यांच्या, मिळून तीनशे चाळीस. त्या आता येणार नाहीत. सरांनी डोळे मिटले आणि उघडले. एवढ्यावर भागलं, म्हणाले.

“सर, यात बाबाची नोंद आहे,” महामाया म्हणाली. “मी वाचली नाही. वाचू का?”

 सरांनी कॉटवर सरकून जागा केली.

“इथंच वाच. माह्यासमोर.”

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. नोंदी वडील गेले त्या वर्षाच्या होत्या.

‘मार्च. पायांवर सूज. जीप चुकली म्हणून चालत आला. बसून घे म्हटले तर दुसऱ्याला बाकडे दिले.’

‘एप्रिल. पाणी बदल म्हणून सांगितले. शेतावर तेच पितो. गुळाचा चहा सोडवत नाही म्हणतो.’

‘जून. मुलगी पुण्यात कंप्युटरवर आहे. तिच्याबद्दल दहा मिनिटे बोलला. नेमके काय करते ते त्याला सांगता येत नाही. मी हा तक्ता उघडून दाखवला. म्हटले, अशाच तक्त्यांची ती डॉक्टर आहे. पडद्याला बोट लावून पाहिले. खूश होऊन गेला.’

‘ऑगस्ट. क्रिएटिनिन वाढले. अकोल्याला जा म्हटले. कापूस झाल्यावर जातो म्हणाला.’

‘ऑक्टोबर. मुलीला फोनवर बरा आहे म्हणून सांगतो. बरा नाही. मुलीला कळवू नका म्हणाला, ती सगळे सोडून येईल. कळवावे का?’

‘नोव्हेंबर. कळवावे का?’

त्याच्यापुढे फक्त तारीख होती. ती तारीख तिला माहीत होती.

महामाया रडली. आवाज न करता, लॅपटॉप मांडीवरच धरून रडली. सर बाजूला हात टेकून बसले होते. थोड्या वेळाने तिने ओढणीने चेहरा पुसला आणि विचारलं,

“काऊन नाही कळवलं मले?”

“तुहा नंबर होता माह्यापाशी,” सर म्हणाले. “दोनदा लावला. एक घंटी वाजली की ठेवून देत होतो. त्यानं नको म्हटलं होतं, पण ते कारण नाही. तुले काय सांगू, कसं सांगू, ते सुचलंच नाही. लिहून ठेवलं. लिहिलं की काहीतरी केल्यासारखं वाटते.”

त्या वर्षी पुण्याच्या नंबरवर दोनदा मिस्ड कॉल आले असतील तर तिला आठवत नव्हते. आठवले असते तरी ती रागावू शकली नसती. मसाल्याच्या डब्यापुढे आपण स्वतः काय केलं, ते तिला आठवत होतं. ती सरांवर रागावली नाही. वडिलांवर रागावली, थोडीशी, आणि तो रागही घरी पोचेपर्यंत टिकला नाही.

संध्याकाळी तिने आईला सगळं वाचून दाखवलं. विमलबाई भिंतीला पाठ लावून ऐकत होत्या. चालत गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मला तर जीपने गेलो म्हणून सांगायचे, म्हणाल्या. गुळाच्या चहापाशी त्या हसल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

“लबाड होता तुहा बाबा,” त्या म्हणाल्या. “ते पडद्याचं पुन्हा वाच.”

महामायाने ते पुन्हा वाचलं. आईने आणखी एकदा वाचायला लावलं.

सोमवारी दवाखाना कागदावर चालला. जयमाला सिस्टरनी लोकांना घरून जुने रिपोर्ट आणायला सांगून ठेवलं होतं. गुरुवारी नव्या मशीनवर डेटाबेस उभा राहिला आणि सगळे साठ पेशंट दीडच्या आत मोकळे झाले.

गेलेल्या तीनशे चाळीस नोंदींचा प्रश्न तेवढा राहिला. सर वही घेऊन आले. वानखेडचा तो शाळेमागचा बोअर, पातुर्ड्याचा पारावरचा, सगळे आकडे मला साधारण पाठ आहेत, ते म्हणाले. मी सांगतो, तू भर. महामायाने यावेळी विषय सोडला नाही. आठवून भरलेला आकडा आणि मोजलेला आकडा उद्या वाचणाऱ्याला सारखाच दिसेल, तिने त्यांना सांगितलं, आणि मग तुमच्या बारा वर्षांच्या मोजलेल्या आकड्यांवरही कुणी भरवसा ठेवणार नाही. सरांना ते पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः प्रत्येक रिकाम्या ओळीपुढच्या शेऱ्यात लिहिलं, ‘नोंद गेली’, आणि आपली सही केल्यासारखं खाली नाव घातलं. त्या सत्तावीस बोअरचं पाणी पुन्हा नव्याने आणायचं ठरलं. सायकल आता त्यांना झेपत नव्हती. रविवारी सकाळी महामाया त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेई, आणि दोघांच्या मधे बाटल्यांची पिशवी असे. सर रस्त्याने प्रत्येक बोअरचा इतिहास सांगत. काही तिला ऐकू येई, काही वाऱ्यात जाई.

बॅकअप आता रोज आपोआप व्हायचा, एक प्रत दवाखान्यातल्या दुसऱ्या मशीनवर आणि एक कुलूपबंद प्रत दूर, गावाबाहेरच्या सर्व्हरवर. पण महिन्याच्या पहिल्या बुधवारी तो सगळा रिकाम्या मशीनवर उतरवून पाहायचा, असा नियम महामायाने घातला, आणि ते काम तिने स्वतःकडे ठेवलं नाही. जयमाला सिस्टरना शिकवलं. पहिल्या वेळी त्यांना तीन तास लागले, आणि सर मागे उभं राहून प्रत्येक तक्त्यातल्या ओळी मोजून घेत होते. दुसऱ्या वेळी पाऊण तास लागला. त्या दिवशी सिस्टरनी सगळ्यांसाठी पोहे करून आणले.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी ही गोष्ट कुठेतरी बोलण्यात सांगितली असावी. मोताळा तालुक्यात रोहिणखेडला असंच एक छोटं केंद्र होतं, तिथून विचारणा आली, की तुमचा हा डेटाबेस आम्हाला मिळेल का. पेशंटांच्या नोंदी नकोत, रिकामा सांगाडा हवा. सरांनी महामायाला विचारलं, की असा देता येतो का. जे ज्या वाटेने आलं ते त्याच वाटेने पुढे जाऊ शकतं, तिने सांगितलं. तुम्हाला तरी ते लोकांनीच दिलं होतं. सरांनी आठ दिवस बसून टिपा नीट केल्या. ‘कारण माहीत नाही’ ही टीप मात्र त्यांनी तशीच राहू दिली. कारण अजूनही माहीत नव्हतं, आणि महामायालाही ते सापडलं नव्हतं. मग तो सांगाडा त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला.

महिन्याभराने एका बुधवारी सर आणि महामाया दवाखान्यात असताना सरांचा फोन वाजला. रोहिणखेडहून सारिका तायडे नावाची परिचारिका बोलत होती. तिला सरांच्या कोडमध्ये दोन गोष्टी सापडल्या होत्या. एका ठिकाणी वय चुकीचं मोजलं जातं. ज्याचा वाढदिवस अजून यायचा आहे तो माणूस एका वर्षाने मोठा दिसतो. आणि तिने ‘काढू नये’ म्हटलेली ती ओळ काढून पाहिली होती. काय बिघडतं आणि का, ते तिला कळलं होतं. तुम्हाला सांगू का, असं ती संकोचत विचारत होती.

महामायाने सरांकडे पाहिलं. ते फोन कानाला तसाच धरून कागद शोधत होते. तिने आपली वही त्यांच्यापुढे सरकवली आणि पेनचं टोपण काढून दिलं.

“सांग बाई,” सर फोनवर म्हणाले. “पण जरा हळू सांग. माहा हात थरथरते, लिहून घ्याले वेळ लागते.”